दोन मिलिमीटर

इनास, तू गेल्याला आज पाच आठवडे झाले आणि मी अजून लेन्स घेतलेली नाही. हे ऐकून तू हसशील, मला माहीत आहे. "अजून? अरे, मी मेलो तरी तुझं ठरेना?" असं म्हणून माझ्या मांडीवर थाप मारशील. मार बाबा. तुझी ती थाप मला कधी आवडायची नाही, हाड दुखायचं. आत्ता मात्र चालेल.

तुझ्याबद्दल लोकांनी बोलायचं ते बोलून झालं. महिन्याच्या मिस्सेत फादरनी तुझ्या नोकरीची वर्षं सांगितली, तुझ्या एक्स-रे डिपार्टमेंटमधल्या फिलिपिनो बाईंनी तुझा स्वभाव सांगितला आणि मधेच रडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मला पुढे बोलवत होते, मी मान हलवली. तुझं कौतुक करायला माझी जीभ उचलत नव्हती, कारण मला तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय इनास. दहा की बारा, याचा निकाल न लावता तू निघून गेलास, आणि त्या वादात मी तुला एक गोष्ट सांगितली नाही, ती मला पाच आठवडे सुखाने जेवू देत नाहीये.

आपली ओळखच मुळात उघड्या अंगाने झाली. मी नाशिकहून नुकताच कतारला आलो होतो. इथे आलेल्या प्रत्येकाला मेडिकल करावी लागते, तसा मीही शर्ट काढून रांगेत उभा होतो. तू काचेमागून एकेकाला हुकूम सोडत होतास. कुणाला "साँस रोको", कुणाला "होल्ड युअर ब्रेथ", कुणाला अरबीत आणखी काहीतरी. माझी पाळी आली. ती एक्स-रेची पाटी छातीला इतकी गार लागली की माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मग आवाज आला, "श्वास रोखा... हां, आता सोडा." कतारमध्ये माझ्याशी बोललं गेलेलं ते पहिलं मराठी वाक्य. बाहेर आलो तर तू दारातच उभा.

"कुठले?"

"नाशिक."

"मी इनास, वसईचा. फुफ्फुसं एकदम फर्स्ट क्लास आहेत तुमची. काळजी करू नका."

ते अहो-जाहो आठवडाभर टिकलं. दोहात तू ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचास, मी अल हिलालला, मधे एक सिग्नल. पुढच्या शुक्रवारी पहाटे तू खाली येऊन हॉर्न वाजवलास आणि मेधा, म्हणजे माझी बायको, गॅलरीतून मला म्हणाली, "तो एक्स-रेवाला आलाय. कॅमेरा घेऊन." तिथून पुढे सुट्टीचे सगळे शुक्रवार तुझे. साडेनऊच्या मिस्सेला तुला परत यायचं असायचं. "नऊपर्यंत उजेड तुझा, नंतर मी देवाचा," असं तू म्हणायचास. वाळवंटाकडे जाणाऱ्या दुखान रोडला लागलं की तू डॅशबोर्ड उघडून वसईची सुकेळी काढायचास. ती वाळवलेली केळी उन्हाने इतकी चिकट झालेली असायची की माझ्या निम्म्या फोटोंवर तुझ्या सुकेळ्यांच्या बोटांचे ठसे आहेत. मी चिडायचो. तू आणखी एक पुढे करायचास.

तुझ्याकडे तेव्हा फिल्मचा कॅमेरा होता आणि त्यावर ती सतरा-पस्तीस मिलिमीटरची लेन्स. आपण लेन्सना नावाने कधी हाक मारली नाही, आकड्यानेच मारली. आकडा जितका लहान तितकी नजर रुंद, हे तूच मला शिकवलंस. तू कॅमेरा माझ्या हातात दिलास आणि मी त्यातून वाळवंटातल्या झिक्रीतचे ते छत्रीसारखे खडक पाहिले. पायाजवळच्या खड्यापासून पार समुद्राच्या रेघेपर्यंत सगळं एकदम. मी इंजिनिअर माणूस, सहसा हरखून जात नाही. त्या दिवशी गेलो, आणि ते तुला दाखवायला नको म्हणून लेन्सवरची धूळ पुसत बसलो.

आणि मग मीच घाण केली. डिजिटल आलं तसं मी तुझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागलो. फिल्म कशाला, धुवायला टाका कशाला, जगाबरोबर चला. तू नको नको म्हणत शेवटी माझ्या हट्टाखातर डिजिटल कॅमेरा घेतलास. पण त्या कॅमेऱ्यांचा आतला पडदा फिल्मपेक्षा लहान. लेन्सने आणलेलं सगळं चित्र त्यावर मावत नाही, कडा बाहेरच राहतात. मला हे ठाऊक होतं. आकड्यात ठाऊक होतं, तुला काय वाटेल हे ठाऊक नव्हतं. तू झिक्रीतला त्याच खडकासमोर उभा राहिलास, डोळा लावलास, मग कॅमेरा खाली करून माझ्याकडे वळलास.

"सुधीर, कुणीतरी अर्धी खिडकी लावून घेतलीय रे."

मी म्हणालो, नवी लेन्स घेऊ, डिजिटलसाठी वेगळ्या निघाल्यात. मी शोधतो, तू बघच. माफी मागायच्या जागी मी एक्सेल शीट उघडली. माझा स्वभाव तुला माहीत होता, तू ती शीटच माफी म्हणून घेतलीस असं मला वाटतं. निदान तसं समजून मी इतके दिवस काढले.

शेवटी दोन लेन्सवर घोडं अडलं. बारा-चोवीस आणि दहा-वीस. माझं म्हणणं बारा. तिच्या कोपऱ्यातसुद्धा चित्र स्वच्छ येतं, सरळ रेघ सरळ राहते, बांधणी भक्कम. तुझं म्हणणं दहा. का, तर दहा. मी वैतागून म्हणायचो, "दोन मिलिमीटरनी काय फरक पडतो रे? वेस्ट बे भागातल्या आमच्या टॉवरच्या भिंतीत दोन मिलिमीटर चुकले तर कुणी विचारतसुद्धा नाही."

"आमच्याकडे हाडात दोन मिलिमीटरची चीर दिसली तर माणूस सहा आठवडे प्लास्टरमध्ये जातो," तू म्हणालास. यावर मेधा इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. तुझ्या घरच्या, म्हणजे आमच्या फिलोमिना वहिनीसुद्धा हसल्या, आणि हसून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही दोघं लग्नाला मुलगी बघताय का लेन्स?"

वहिनींना घाई होती, कारण प्रश्न भिंतीचा होता. वसईच्या घराच्या पुढच्या खोलीत तू एक अख्खी भिंत कोरी ठेवली होतीस. खिळासुद्धा ठोकू दिला नव्हतास. वहिनींना तिथे शोकेस हवं होतं. तुला तिथे खोर अल उदैदचा फोटो हवा होता. समुद्र वाळूच्या डोंगरांत शिरतो ती जागा, हिवाळ्यातली सकाळ, भिंतभर. "इतकी वर्षं जिथे काढली ते घरी न्यायला नको? नाहीतर पोरं म्हणतील, डॅड तिकडे नुसता ड्युटी करत होता." आणि तो फोटो सतराने येणार नव्हता. मी लावून घेतलेल्या खिडकीतून येणार नव्हता.

तू मला एक गोष्ट सारखी सांगायचास आणि मी ती कधी नीट ऐकली नाही. तू म्हणायचास की रुंद लेन्स सगळं मावावं म्हणून नसते, जवळ जाता यावं म्हणून असते. "सगळं मावतंय म्हणून लोक लांब उभे राहतात आणि फोटोत नुसतं आभाळ येतं. एक पाऊल पुढे जा. अजून एक. बुटाला पाणी लागलं की थांब." मी म्हणायचो, माझे बूट नवे आहेत. तू अनवाणी पुढे जायचास आणि हटकून माझ्या चौकटीत यायचास. मग मी ओरडायचो, "इनास, बाजूला हो!" किती वेळा ओरडलो असेन? दर शुक्रवारी पाच-सात वेळा तरी. तुझं कोपर, तुझी टोपी, तुझी लांबलचक सावली. तू बाजूला व्हायचास आणि जे उरायचं ते मी घरी येऊन कॉम्प्युटरवर कापून टाकायचो. मला वाळवंट रिकामं हवं असायचं.

मागच्या हिवाळ्यातली टेस्ट आठवते ना? सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानातल्या शाजीला तू कसं पटवलंस देव जाणे. त्याच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे तू काढला होतास म्हणे. त्याने गुरुवारी संध्याकाळी दोन्ही लेन्स काढून दिल्या आणि बजावलं, "साब, कल दोपहर दुकान खुलने से पहले वापस. खरोंच नहीं आना चाहिए." मी छातीवर हात ठेवून वचन दिलं, तू सुकेळं दिलंस.

पहाटे आपण झिक्रीतला पोचलो. मी ट्रायपॉड रोवला, लेव्हल लावली, पायांभोवती वाळूत खुणा केल्या. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, तुलना पक्की. तुझं काम एकच, कॅमेऱ्यावर नसलेली लेन्स धुळीपासून सांभाळायची. तू टोपी काढून तिच्यात लेन्स ठेवलीस, पिल्लू धरावं तशी छातीशी धरलीस, आणि डावीकडे चार पावलं पुढे जाऊन उभा राहिलास. शटर मी दाबायचो पण मोजणी तुझी, हे आपलं जुनं ठरलेलं. मंद उजेडात बोट हललं तर चित्र हलतं म्हणून तू मला पेशंटसारखा हुकूम द्यायचास.

"श्वास रोख... सोड."

बाराचा फोटो झाला. खडक, वाळू, समुद्राची रेघ, सगळं नेटकं. लेन्स बदलली. बाराची तुझ्या टोपीत गेली, दहाची कॅमेऱ्यावर आली. तू परत आपल्या जागेवर. "श्वास रोख..." आणि मी दाबलं.

मागच्या पडद्यावर पाहिलं तर डाव्या कडेला तू. अख्खा. पायापासून डोक्यापर्यंत, टोपी छातीशी धरलेली, तोंड उघडं. रुंद लेन्सची कड माणसाला ओढून ताणते तसा तू ताणलेला. काडीसारखा माणूस आणि हे एवढं पोट.

"बाजूला हो म्हटलं होतं ना!"

"मी हललोच नाही रे. मघाशी इथेच होतो. या लेन्सने बघितलं मला." मग तू जवळ येऊन पडद्यात पाहिलंस आणि खूश झालास. "अरे वा! फिलूचा स्वयंपाक इतक्या वर्षांत अंगी लागला नाही, लेन्सने एका मिनिटात लावला."

मी हसलो नाही. माझी टेस्ट बिघडली होती. आणि त्याहून, मला मुद्दा सापडला होता. मी म्हणालो, "बघितलंस? दहामध्ये हे असं होतं. नको ते येतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. हसतच पाहिलंस, तेवढं मला आठवतं. "नको ते म्हणजे मी का रे?"

मी लेव्हलचा बुडबुडा बघत होतो. उत्तर दिलं नाही. वाटलं, याला काय उत्तर द्यायचं. तू घड्याळ पाहिलंस, "यल्ला, चल, मिस्सा चुकेल" म्हणालास आणि आपण निघालो. गाडीत तू नेहमीसारखाच बोलत होतास.

त्या शनिवारी ऑफिसात मी कागदावर कोन काढले. खोटं कशाला बोलू, तुला खोडून काढायलाच काढले. दहा आणि बारा यांच्या नजरेत चांगला दहा अंशांचा फरक निघाला. मोठ्या आकड्यांत दोन मिलिमीटर कुणाला कळतही नाहीत, पण या टोकाला ते फार होतात. म्हणजे तू बरोबर होतास. मी कागद घडी घालून घरी आणला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि तुला सांगितलं की अजून दोन रिपोर्ट यायचेत, नवं मॉडेल येतंय म्हणतात, घाई नको. हरलो म्हणायला मला एक हिवाळा पुरला नाही. दुसरा लागला.

तुझ्या शेवटच्या गुरुवारी तुझा फोन आला. "उद्या उदैदला जाऊ. दोन गाड्या जातायत, जागा आहे." मी म्हणालो, लेन्स आल्यावर जाऊ, उगाच फेरी कशाला. तू म्हणालास, "लेन्स नसली म्हणून काय झालं, डोळे आहेत ना." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. "इन्शाल्ला," तू म्हणालास, आणि फोन ठेवलास. त्याच्या पुढच्या मंगळवारी ड्युटीवर, त्या काचेमागच्या खुर्चीतच, तुझं हृदय थांबलं. माझा फोन साइट ऑफिसच्या टेबलावर पडला होता. मेधाचे अकरा मिस्ड कॉल. मी तुला विमानतळाच्या कार्गोच्या गेटपर्यंत पोचवलं, वसईपर्यंत आलो नाही. कामाचं कारण सांगितलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला ती कोरी भिंत बघायची नव्हती.

तुला वसईच्या मातीत ठेवून वहिनी आणि तुझी मुलगी रीटा सामान आवरायला परत आल्या. त्यांचा व्हिसा तुझ्या नावावर, त्यामुळे दिवस थोडेच. परवा मी आणि मेधा डबा घेऊन गेलो. रीटा खोक्यांवर मार्करने नावं घालत होती. वहिनी म्हणाल्या, "सुधीरभाऊ, यांचा एक चांगला फोटो द्या ना. लग्नातला आहे आणि पासपोर्टचे आहेत. बाकी सगळीकडे हेच फोटो काढायला उभे, मग हे कुठून येणार? तुमच्याकडे असतील. दर शुक्रवारी जायचात." मी म्हणालो, "आहेत ना, पुष्कळ आहेत. उद्या आणतो."

घरी येऊन मी बसलो. हजारो फोटो आहेत इनास. झिक्रीत आहे, दुखान आहे, खारफुटी आहे, पांढरी वाळू आहे, लाल वाळू आहे. तू एकाही फोटोत नाहीस. इतक्या वर्षांचे शुक्रवार मी उलटेसुलटे केले आणि प्रत्येक फोटोत तुझी जागा सापडली, तू सापडला नाहीस. इथे तुझी सावली होती, ती मी कापली. इथे तुझं कोपर होतं, ते मी कापलं. इतका नीटनेटकेपणा मी आयुष्यात दुसऱ्या कशात केलेला नाही. मेधा मागे येऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं, एकही नाही गं. मग मी रडलो. तू गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा.

तिनेच विचारलं, "ती टेस्टवाली सीडी कुठंय? चहा सांडला होता तेव्हाच्या सुमाराची?"

सीडी ड्रॉवरमध्ये होती, त्या कोनांच्या कागदाखाली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'लेन्स टेस्ट, पुसू नये.' तुलनेसाठी मूळ फोटो न कापता ठेवतात, हा माझा नियम. दोन फोटो. बाराचा उघडला. खडक, वाळू, समुद्राची रेघ. दहाचा उघडला.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेलो. रीटाने माझ्या लॅपटॉपवर पाहिला आणि म्हणाली, "अंकल, डॅड लुक्स सो स्ट्रेच्ड. कॅन यू फिक्स इट?" मी म्हणालो, हो, करता येईल सरळ. तिने चेहरा मोठा करून पाहिला. "नो. लीव्ह इट. ही लुक्स हॅपी."

वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "तोंड उघडं आहे. काय बोलत होते?"

मी सांगितलं. श्वास रोख म्हणत होता. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "हातात काय धरलंय?" मी म्हणालो, माझी लेन्स. बाराची.

फोटो मोठा करून घेतलाय, भिंतभर. परवाच्या विमानाने वसईला जाईल. उदैद नाही त्यात, झिक्रीत आहे, तेवढं सांभाळून घे. काहीही कापलेलं नाही. आत्ता शाजीच्या दुकानात चाललोय, दहाची घेऊन येतो. या शुक्रवारी उदैदला जाईन, बूट गाडीत ठेवीन.

आणि ते त्या सकाळचं. तू विचारलंस आणि मी बुडबुड्याकडे बघत राहिलो. नाही रे, इनास. नको ते म्हणजे तू नव्हतास.